एक जूनचे पेढे

मन्मथ,

परवा, तू गेल्यावरच्या शिवगणाराधनेला माझ्या हातात माइक दिला. स्वामींचं प्रवचन संपलं होतं, पंगती अजून बसायच्या होत्या, तेवढ्यात सरपंच म्हणाले, "सरांनी दोन शब्द बोलावेत. पोराला घडवलं ते त्यांनीच." मी उभा राहिलो. तू किती गुणी होतास, मोठ्यांना कसा मान द्यायचास, गोदाकाठच्या या गावाचं नाव कसं पार कोल्हापूर-मुंबईपर्यंत नेलंस, हे बोललो. शेवटी आवाज भरून आला म्हणून लोकांनी मला बसवलं. बोललो त्यातलं काही खोटं नव्हतं. पण जे सांगायला हवं होतं, त्यातलं एक अक्षरही त्यात नव्हतं.

मंडपाच्या तोंडाशी तुझं फ्लेक्स लावलेलं होतं. अकादमीच्या निळ्या जर्सीतला फोटो, आणि खाली, 'वय २७ वर्षे'. निघताना म्हातारे स्वामी चपला शोधत तिथं थांबले. डोळे बारीक करून त्यांनी वाचलं आणि माझ्याकडं वळून म्हणाले, "सर, हे कागदावरचं लावलंय की."

मी म्हणालो, "हो, आधारवरून घेतलं असंल पोरांनी."

स्वामी चपला घालून निघाले. तू जन्मलास तेव्हा तुझ्या गळ्यात इष्टलिंग बांधलं ते त्यांनीच. गावातल्या कुठल्या लेकराला कधी लिंग बांधलं, याची त्यांच्याकडं एक जुनी वही आहे. तुझं खरं वय त्या वहीत आहे, तुझ्या आईच्या ध्यानात आहे, आणि पंधरा वर्षांपासून माझ्या छातीवर आहे. एका तुलाच ते कुणी सांगितलं नव्हतं. सांगू दिलं नव्हतं, आणि ते मी.

हे आता लिहून काय उपयोग, असं माझी बायको म्हणते. तिचंही बरोबर आहे. तरी लिहितो.

सुरुवातीपासून सांगायचं तर मला फुटबॉल येत नव्हता. मी कबड्डीचा माणूस. शाळेला क्रीडासाहित्याची पेटी आली, त्यात तो एक चेंडू होता आणि नियमांची पुस्तिका. आपलं मैदान काळ्या मातीचं. उन्हाळ्यात त्याला हात जाईल एवढ्या भेगा पडायच्या, आणि पावसाळ्यात पायाला चिखलाचे जोडे व्हायचे. म्हणून मी तुम्हा पोरांना नदीच्या वाळूत नेलं. वाळूत चेंडू पळत नाही, माणूसही पळत नाही. बाकीची पोरं चार दिवसांत कंटाळून पोहायला लागली. तू मात्र तो चेंडू पायाच्या बोटांनी खणून काढायचास, उचलायचास, परत घोळवायचास. तुझ्या पायाला ती अक्कल वाळूनं दिली, मी नाही. लोकांनी हार घातले ते मला.

ऑफसाइड तर मला चित्र बघूनही समजलं नव्हतं. मी तुम्हाला सांगितलं, गोलकीच्या फार जवळ जाऊन उभं राहायचं नाही, बस्स. परभणीच्या पहिल्या सामन्यात पंचानं तुझ्यावर तीनदा शिट्टी मारली. तू कडेला पळत आलास आणि हळूच विचारलंस, "सर, आपलं ऑफसाइड येगळं हाय का?" मी म्हणालो, "तू खेळ बाबा, पंच आंधळा हाय." तू मागं बघितलंस, हसलास, आणि दुसऱ्या अर्ध्यात दोन गोल केलेस. त्या दिवशी एसटीनं परत येताना तू माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपला होतास आणि मला पहिल्यांदा वाटलं की माझ्या नोकरीला काही अर्थ आहे. हे मी तुला कधी सांगितलं नाही. आनंदाचंही नाही सांगितलं, मग बाकीचं काय सांगणार.

त्याच्या पुढच्या महिन्यात चौदा वर्षांखालच्या विभागीय सामन्यांचे फॉर्म भरायचे होते. मी जन्माचा दाखला मागायला तुमच्या दुकानावर आलो. तुझे अप्पा साखरेच्या पुड्या बांधत होते, तुझी आई आत डाळ निवडत होती. तू नव्हतास. मी फॉर्म लिहिता लिहिता मोठ्यानं वाचलं, "जन्मतारीख एक जून, वय वर्षे बारा."

आतून तुझी आई म्हणाली, "सर, ते कमी लागलंय."

मी विचारलं, "कमी म्हणजे?"

"पाणी मारुतीच्या पारापावतर आलं होतं ना, त्या सालचा हाय माझा मन्मथ. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला झालाय. चौदा सरून पंधरावं लागलं की त्याला."

अप्पा हसले. "आवो सर, ह्यो चारठाण्याला आजोळी होता लहानपणी. तिथं साळंतच घातला न्हाई त्याला. हितं आणला तवा आठवं लागलेलं. हेडमास्तर म्हणले, अप्पा, सहाच लिवू. पुढं सरकारी नोकरी लागली तर दोन वर्षं जादा मिळतील लेकराला. दोन वर्षं बक्षीस दिली म्हणा ना त्यांनी."

यात नवल काहीच नव्हतं. आपल्याकडं निम्म्या माणसांचा वाढदिवस एक जूनला असतो. शाळा जूनात उघडते, मास्तर तारीख टाकून मोकळा होतो, आणि माणूस जन्मभर त्या तारखेचा होऊन जातो. माझाही एक जूनच आहे. मी कधी झालो हे आईला विचारायचं मला सुचलं तेव्हा आई राहिली नव्हती. वय कमी लिहिणं ही तर आपल्याकडं माया करायची एक रीत. पोराला काही देता येत नाही, तर दोन वर्षं देऊ.

पण मी तिथं बोटं मोजली. चौदा पूर्ण. म्हणजे तू या गटात बसतच नव्हतास. माझ्या हातात पेन होतं. फॉर्म फाडायला किती वेळ लागतो?

मी म्हणालो, "वहिनी, कागदावरचंच खरं असतं. सरकारदरबारी दुसरं काही चालत नाही. आता हे कुणाला बोलू नका. मन्मथलाही नको. खेळताना पोराचं मन बिचकतं."

ती म्हणाली, "तुमी म्हणता तसं." तिनं ते पाळलं. शेवटपर्यंत तिनं तुला सांगितलं नाही, हे मला आता कळलं.

पुढचं गावाला माहीत आहे. विभागीय सामन्यात शहरातल्या शाळेवर तू एकट्यानं पाच गोल केलेस. ती पोरं तुझ्यासमोर खरंच लहान होती, मन्मथ. त्यांचा आवाज अजून फुटलाही नव्हता. तू त्यांच्यातून असा निघायचास जसा बाजाराच्या दिवशी मोठा माणूस लेकरांच्या गर्दीतून निघतो. लोकांना वाटलं, बारा वर्षांचं पोर आणि हे असं खेळतं. पेपरात आलं, 'बारा वर्षांचा बादशहा'. गंगाखेडच्या बसस्टँडवर फ्लेक्स लागलं, त्यात पुढाऱ्याचं तोंड तुझ्या दुप्पट. ट्रॅक्टरवर उभं करून तुझी मिरवणूक काढली. हलगीच्या तालावर लोक नाचत होते आणि तू मधोमध घामाघूम, मला शोधत होतास. खाली वाकून म्हणालास, "सर, लय झालं आता. उतरू का?" मी म्हणालो, "उभा राहा. लोक बघायलेत."

त्या वर्षी मला तालुक्याचा आदर्श शिक्षक पुरस्कार मिळाला. शाल अजून कपाटात आहे.

एक गोष्ट इथं खरी लिहितो. मला त्या वेळी अपराधी वाटत नव्हतं. मला वाटायचं, दोन वर्षांनी काय होतं? पोरगा गुणी आहे, एकदा वर चढला की वय कोण बघतो. आपल्या भागातलं पोर तसंही दोन वर्षं मागंच सुरू होतं. ना मैदान, ना बूट, ना दूध. म्हटलं, देवानं नाही दिलं ते मास्तरानं दिलं. हे मी मनाशी इतक्या वेळा म्हटलं की ते मला पटलं.

विभागीय सामन्यांवरून निवड होऊन फुटबॉल अकादमीत तू गेलास तेव्हा अप्पांनी तुझ्या ट्रंकेवर पांढऱ्या रंगानं नाव लिहिलं होतं. दर रविवारी तिथल्या ऑफिसातून तू मला फोन करायचास. पहिलं वर्ष सगळं छान. दुसऱ्या वर्षी तुझा आवाज बारीक होत गेला.

"सर, सगळी पोरं वाढायलेत."

"मग?"

"मी जिथल्या तिथं हाय. गेल्या साली माझ्या खांद्याला होती ती पोरं आता वरून हेड मारायलेत. मला काय व्हायलंय कळंना."

मला कळत होतं. तुला सतरावं लागलं होतं आणि तुझी वाढ झाली होती. ती पोरं पंधराची होती, त्यांची आता सुरू झाली होती. तुझं काही चुकत नव्हतं. तू मागं पडत नव्हतास, ती तुझ्या बरोबरीला येत होती. एवढं एक वाक्य सांगितलं असतं तर तू त्या रात्री झोपला असतास.

मी म्हणालो, "खेळ उंचीवर नसतो, जिद्दीवर असतो. तुझी जिद्द कमी पडायलीय, मन्मथ. पेपरात फोटो आले की डोक्यात हवा जाते."

तू मग म्हणालास, "जी सर."

त्यानंतर तू सगळ्यांच्या आधी उठून पळायला लागलास, कमरेला वाळूची पिशवी बांधून. हे मला तुझ्या वॉर्डननं कौतुकानं सांगितलं होतं. त्याच वर्षी तुझा उजवा गुडघा सुजला. तो शेवटपर्यंत थंडीत दुखायचा. दुकानात खाली वाकून गुळाची ढेप उचलताना तू डाव्या पायावर भार द्यायचास. ते बघून मी नजर दुसरीकडं न्यायचो.

आता ती दिवाळी.

तू सुट्टीला आला होतास. माझ्या घराच्या ओसरीवर शिडी लावून आकाशकंदील बांधत होतास. मी खाली शिडी धरून उभा. माझा फोन वाजला. अकादमीचे कोच होते. म्हणाले, सोळा वर्षांखालच्या देशपातळीवरच्या शिबिराला चाचणीसाठी मन्मथचं नाव आलंय, आठ दिवसांत त्याला घेऊन मुंबईला या. माझा हात शिडीवरून सुटला. आणि मग ते म्हणाले, "येताना मूळ दाखला आणा. तिथं मनगटाचा एक्स-रे होईल. हाडावरून वय कळतं, आता सगळ्यांचाच काढतात."

वरून तू विचारलंस, "सर, सुतळी हाय का अजून?"

मी तुला सुतळी दिली. आणि फोनवर म्हणालो, "त्याच्या घरी अडचण आहे. येता येणार नाही."

"किती दिवसांची अडचण?"

"सांगता येत नाही."

एवढंच. मिनिटभराचं काम. त्या मिनिटात मी काय काय बघितलं ते सांगतो. शाळेचं रजिस्टर टेबलावर उघडलेलं बघितलं, पुरस्काराची शाल बघितली, माझी नोकरी बघितली, पेपरात माझा फोटो बघितला. तू तिथंच होतास, माझ्या डोक्यावर चार हात उंचीवर, दातात सुतळी धरून. तू मला दिसला नाहीस.

"कुणाचा फोन होता सर?"

"कुणाचा न्हाई."

आठ दिवसांनी, जायच्या आदल्या दिवशी, तू घुटमळत विचारलंस, "शिबिराची नावं आली असतील ना?" मी म्हणालो, "आली. तुझं नाही." तू मान हलवलीस. वाकून पाया पडलास आणि गेलास.

एक्स-रे निघाला असता तर तू पकडला गेला असतास, हे खरं. कदाचित वर्ष-दोन वर्षं खेळायची बंदी आली असती. पण तुला कारण तरी कळलं असतं. तू मला शिव्या दिल्या असत्यास, हेडमास्तरांना दिल्या असत्यास. स्वतःला दिल्या नसत्यास. आणि मग तुझ्या खऱ्या वयाच्या पोरांत तू कितव्या नंबरचा आहेस, ते तुला समजलं असतं. कदाचित अकरात बसला असतास, कदाचित नसतास. ते आता कधीच कळणार नाही, आणि तेच मला सगळ्यात जड जातं.

त्या वर्षी तू बहुतेक सामने राखीव खेळाडूंच्या बाकावर बसून काढलेस. पुढच्या उन्हाळ्यात अकादमीनं तुला घरी पाठवलं. पांढऱ्या अक्षरांची ट्रंक दुकानात आली आणि तिच्यात खोबऱ्याच्या वाट्या भरल्या गेल्या. गिऱ्हाईक यायचं, "काय चॅम्पियन, अर्धा किलो शेंगदाणे गोल मारा इकडं." तू हसून पुडा बांधायचास. एकदा कुणी तरी म्हणालं, "बारा वर्षाचा बादशहा हितं हळद मोजायलाय बघा," तर अप्पांनी त्याला पायरीवरून खाली उतरवलं होतं. तूच उलट अप्पांना समजावलंस, "जाऊ द्या ओ अप्पा, गिऱ्हाईक हाय."

मी तुमच्या दुकानावर येणं कमी केलं. किराणा गंगाखेडहून आणायला लागलो. लोकांना वाटलं सर आता शहरी झाले.

पण तू मला सोडलं नाहीस. दर एक जूनला सकाळी दारात उभा. हातात कागदात बांधलेले पेढे.

"सर, आज आपल्या दोघांचा वाढदिवस."

"अरे, निम्म्या गावाचा हाय आज."

"असंल. पेढे मात्र दोघांपुरतेच आणलेत."

अकरा वर्षं. अकरा वेळा मी तुझ्यासमोर पेढा तोंडात घातला. तो तुझा वाढदिवस नाही हे मला ठाऊक होतं, आणि तू मात्र त्याच तारखेवर जगत होतास. तेराव्या वर्षी काय होतो, सोळाव्या वर्षी काय झालो, हे सगळे हिशेब तू त्याच चुकीच्या जागेपासून लावत होतास. एकदा तू म्हणाला होतास, "सर, मी लवकर पिकलेलं फळ होतो. तसली लवकर सडत्यात." मी त्या वेळी विरोध केला नाही. दुसऱ्याची चूक अशी आयती स्वतःच्या नावावर घेणारा माणूस समोर असला की गप्प बसणं किती सोपं असतं.

मागच्या जूनला तू पेढे दिलेस, पाणी प्यायलास, आणि निघाला नाहीस. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिलास.

"सर, एक इचारू का?"

मी खिशात गाडीची चावी चाचपली. "शाळेत दाखले द्यायचेत रे. जरा घाईत आहे."

तू हसलास. "बरं. पुढल्या साली इचारतो."

परभणीहून दुकानाचा माल घेऊन येताना पिंगळीच्या पुढं, दिवेलागणीला, उसाची ट्रॉली रस्त्यात उभी होती. तिला मागं दिवा नव्हता. याच्यापुढं मी लिहू शकत नाही, आणि तुला ते सांगायची गरज नाही.

तुला समाधी दिली तेव्हा मी खड्ड्याच्या काठावर उभा होतो. आपल्या रिवाजाप्रमाणं तुला मांडी घालून बसवलं होतं. कपाळाला विभूती, डाव्या हातात लिंग, अंगावर बेलाची पानं. स्वामींनी तुझी मान सरळ केली. मला अकादमीचं तुझं शेवटचं वर्ष आठवलं. तेव्हा माझ्यामुळं बाकावर बसलास आणि आता इथं बसलास, असं काही तरी मनात आलं आणि मी तिथून बाजूला झालो. लोकांना वाटलं सरांना सहन होत नाही. सगळे मला पाणी आणून देत होते.

आराधनेच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे काल, अप्पांचा निरोप आला. समाधीवर दगड बसवायचाय, माझं अक्षर चांगलं आहे, तर कागदावर मजकूर काढून द्यावा. शाळेच्या फळ्यावरचा सुविचार रोज मीच लिहितो ना. मी गेलो. दुकान अर्धं उघडं होतं. अप्पा गल्ल्यापाशी, तुझी आई उंबऱ्यावर. अप्पांनी कोरा कागद पुढं केला. मी 'कै.' लिहिलं, खोडलं, 'लिंगैक्य' लिहिलं, तुझं नाव लिहिलं. वयाच्या जागी पेन थांबलं.

मग मी सगळं सांगितलं. फॉर्मपासून एक्स-रेपर्यंत. दिवाळीतला फोन. शिडी. मी खाली बघूनच बोलत होतो. शेवटी अप्पा म्हणाले, "म्हणजे ती दोन वर्षं मीच घेतली होती की हेडमास्तरांकडून. पेढे वाटले होते मी त्याच्यासाठी." आणि त्यांनी तोंडावर उपरणं घेतलं. हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. माझं ओझं उतरवताना मी ते त्यांच्या डोक्यावर ठेवलं.

मी म्हणालो, "अप्पा, तुम्ही पोराच्या भल्यासाठी घेतली. मी माझ्यासाठी झाकली."

तुझी आई इतका वेळ माझ्याकडं बघत होती. ती शांतपणे म्हणाली, "फोनचं त्याला ठावं होतं."

मी वर बघितलं.

"सुट्टी सरून गेला ना तवाच त्या कोचनं इचारलं होतं त्याला, घरची अडचण मिटली का म्हणून. पुढल्या खेपेला घरी आला तवा मला बोलला. मी म्हणलं, अरं मंग इचार की सरांना, असं का केलं. तर म्हणला, आई, सरांनी काही बघूनच नको म्हणलं असंल. माझ्यात दम न्हाई हे त्यांना दिसलं असंल. तिथं नेऊन माझी शोभा नको म्हणून झाकलं त्यांनी."

मग म्हणाली, "लय दिवस म्हणायचा, एकदा इचारायचंय सरांना, नेमकं काय कमी दिसलं तुमाला माझ्यात."

मन्मथ, हा तुझा प्रश्न होता. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून तू हाच विचारणार होतास. मी समजत होतो तू मला पकडशील. तू तर मला विचारायला आला होतास की तुझ्यात कुठं कमी पडलं. दहा-बारा वर्षं तू हे धरून होतास, की ज्या माणसानं तुला वाळूत पहिला चेंडू दिला, त्यालाच तू लायक वाटला नाहीस. आणि तरी दर वर्षी पेढे आणत होतास.

उत्तर ऐक. तुझ्यात मला काहीही कमी दिसलं नव्हतं. तू त्या दिवशी शिडीवर होतास, आणि मी खाली भ्यालेला होतो. एवढंच कारण. तू बारा वर्षांचा बादशहा नव्हतास, ते खोटं होतं आणि ते मी पसरवलं. तू चौदा वर्षांचा एक चांगला खेळणारा पोरगा होतास, वाळूत पाय तयार झालेला, कष्टाळू, पंचाला उलट न बोलणारा. तेवढं पुरेसं होतं. तेवढ्यावर आनंदानं जगता येतं. मी तुला तेवढ्यावर राहू दिलं नाही. आधी तुला आहेस त्यापेक्षा मोठा केला आणि मग त्या मापाला तू उतरत नाहीस म्हणून तुलाच बोल लावला.

हे मी पेपरात छापायला देतोय, माझ्या नावासकट. पुढं शाळेत काय व्हायचं ते होईल. ती शाल मी परत करणार आहे. यातलं काही तुझ्यापर्यंत पोचत नाही, हे मला समजतं. तुझ्या आईनं ते सरळ सांगितलंच. मी उठताना ती म्हणाली, "हे त्याच्या म्होरं बोलायचं होतं, सर." तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

कागद अजून माझ्या हातात होता. अप्पांनी डोळे पुसून विचारलं, "मंग वय काय लिवायचं दगडावर?"

मी म्हणालो, "एकोणतीस."

"आधारवर तर सत्तावीस हाय."

तेव्हा तुझी आई म्हणाली, "तुमीच म्हणला होता सर, कागदावरचंच खरं असतं."

मी पेन पुन्हा टेकवलं. लिहिलं. एकोणतीस वर्षे, जन्म पोळ्याच्या करीचा. मग तिला बोट ठेवून वाचून दाखवलं. तिनं कागद हातात घेतला, 'करीचा' या अक्षरांवरून बोट फिरवलं, आणि घडी करून पदराला बांधला.

येत्या एक जूनला माझ्या दारात कुणी येणार नाही. त्या दिवशी मी घरीच असेन, नेहमीसारखा, आणि माझंही खरं वय मला माहीत नसेल. पण पोळ्याच्या करीला मी तुझ्याकडं येईन. पेढे दोघांपुरतेच आणीन. तुला जे विचारायचं होतं ते विचार. लागेल तेवढा वेळ घे. मला घाई नाही.